केराईचा उंबरा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे निंबखळ्याच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही गुडघाभर पाणी असायचं आणि वेशीवरच्या मारुतीला डोक्यावर छप्पर नव्हतं तेव्हा, गावात एक सुईण राहायची. तिला पाहिलेलं माणूस आता कुणी उरलेलं नाही. पण तिच्याबद्दल ऐकलेली माणसं आहेत, आणि ज्यांच्याकडून ऐकलं त्यांची नावंही त्यांना आठवतात. म्हणून ही गोष्ट खरी मानायची.

सुईणीचं नाव केराबाई. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून ती जन्मली तशी तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, आणि शेजारणीनं केर म्हणून उचलून परत घरी आणली. केराला कोण नेणार? मृत्यूनंही नेलं नाही. पण तिची आई त्यानंतरही दर वर्षा-दीड वर्षानं बाजेवर पडत राहिली, आणि एका बाळंतपणात बाजेवरून उठलीच नाही. केरा तेव्हा परकर नेसायची. आईचे पाय गार पडत चालले होते आणि ती ते तळहातांनी चोळत बसली होती. आईचे पाय काही तापले नाहीत. केराचे तळहात मात्र तापले, आणि ते पुन्हा कधीच गार झाले नाहीत, असं म्हणतात.

त्याच हातांनी ती पुढे सुईण झाली आणि केराबाईची केराई झाली. आडवं आलेलं मूल तिच्या हाताची ऊब लागली की आपोआप वळायचं. न रडणारं मूल तिनं ओंजळीत घेतलं की टाहो फोडायचं. थंडीच्या दिवसांत तिच्या हातावरच्या लोण्याचं तूप होत असे, असंही म्हणतात. तिला स्वतःला मूल झालं नाही आणि नवराही लवकर गेला. ओढ्याच्या अलीकडे एका जुन्या कडुनिंबाखाली तिची झोपडी होती. झोपडी कुडामातीची, पण उंबरा मात्र काळ्या दगडाचा, एवढा जड की तो तिथे कुणी आणून टाकला हे कुणालाच सांगता येत नसे.

मूल झालं, नाळ पुरली, की सुईणीला लुगडं देऊन मोकळं करायचं अशी तेव्हा रीत होती. केराई मोकळी होत नसे. सव्वा महिना ती रोज बाळंतिणीला न्हाऊ घालायला जायची. न्हाणी म्हणजे काय, तर परसातला तुराट्यांचा आडोसा आणि खाली एक सपाट दगड. पण तेवढ्या जागेत सासू येत नसे, नणंद येत नसे, पुरुष तर नाहीच. कढत पाणी बदाबदा पडायचं आणि त्या आवाजात बोललेलं कुडापलीकडे जायचं नाही. केराई पाठीत तेल जिरवायची, कंबर दाबायची, आणि वाकून कानात विचारायची,

“फुडचं तुला पायजे का गं? आन् पायजे तर कवा?”

बायकांना हा प्रश्न आधी कळतच नसे. लुगडं कुठल्या रंगाचं हवं, हेसुद्धा त्यांना कुणी विचारलेलं नसे. एकजण हसत सुटली. एकजण म्हणाली, “मला इचारतीस व्हय?” आणि आजूबाजूला कोणी दुसरी बाई आहे का ते पाहू लागली. आणि पुष्कळजणी नुसत्याच रडल्या. पाण्याखाली ते कुणाला दिसायचं नाही.

मग केराई सांगायची. बाळाला अंगावर पाजत राहा. निंबोळीचं तेल मी काढून ठेवते, त्यात कापसाचा बोळा भिजवून ठेवायचा, तो असा आणि अशा वेळी. पण ती खोटी आशा लावत नसे. “ह्यानं दर बारीला निभंलच असं न्हाय, बाई. खरा इलाज एकच. तुझं अंग भरून येस्तवर तुझ्या मालकानं लांब ऱ्हायचं.”

“त्ये मला सांगून काय उपेग?” बायका म्हणायच्या. “त्येंस्नी सांगा की.”

म्हणून केराई एकदा पारावर गेली आणि तिनं पुरुषांना सांगितलं. पार हसून हसून लोळला. “आता बायकूजवळ जायाला बी तुझ्याकडनं मुहूर्त काढून आणायचा का, केराई?” एकजण म्हणाला. “दक्षिणा काय घेशील?” घरातल्या थोरल्या बायकांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आंब्याला विचारून का त्याला मोहर येतो? आणि बनाबाई नावाची एक फटकळ बाई होती, ती म्हणाली, “जिची कूस कवा उजवली न्हाय, ती आमाला बाळंतपान शिकवणार.”

केराई पुन्हा पारावर गेली नाही. न्हाणीत कानात विचारत तिनं आणखी काही वर्षं काढली.

मग सगुणाची वेळ आली. सगुणा गावातली एक साधी, हसतमुख बाई. न्हाणीत कानात विचारलं की ती लगेच म्हणायची, “नगं गं केराई, आता नगं.” आणि वर्षाच्या आत पुन्हा केराईला बोलावणं यायचं. शेवटच्या खेपेला मुलगी झाली आणि रक्त थांबेना. केराईनं आपले गरम हात तिच्या पोटावर ठेवले, पण ज्या अंगात रक्तच उरलेलं नाही त्याला ऊब काय करणार? सगुणानं पोर तिच्या मांडीवर सरकवली.

“हिला माझ्यावानी मरू दिऊ नगंस,” ती म्हणाली.

“न्हाय देणार,” केराई म्हणाली.

त्या मुलीचं नाव हौसा. केराईनं शब्द दिला खरा, पण तो पाळायचा कसा, हे तिला माहीत नव्हतं. सांगून कुणी ऐकत नव्हतं. मग कुणाचं ऐकतात, ते ती बघू लागली.

मूल सहा दिवसांचं झालं की सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. त्या दिवशी दिवेलागणीला तिची पूजा मांडतात. एका बाळंतिणीच्या घरी अशाच पूजेपुढे केराईनं एक गोष्ट पाहिली. पारावर लोळणारे पुरुष तिथे हात जोडून उभे होते. आंबा नि मोहर सांगणाऱ्या बायका तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

केराई घुमू लागली. असं म्हणतात, की तिचे केस सुटले आणि दिव्याची ज्योत वीतभर उंच झाली. तिनं चुलीतली मूठभर राख घेतली, बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापुढे एक रेघ ओढली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली,

“मी सटवाई बोलते. ही माझी रेघ. ह्या खोलीतलं मूल जवर आपून होऊन हा उंबरा ओलांडून भाईर येत न्हाय, तवर ह्येच्या बापानं ही रेघ ओलांडायची न्हाय. ओलांडील, त्येच्या मुलाचं कपाळ मी कोरं ठिवीन.”

आणि गावानं ऐकलं. बाईचं म्हणून जे वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं, तेच देवीचं म्हणून एका दमात ऐकलं. केराई घरी आली आणि आपल्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिली. आपण देवीच्या तोंडात आपला शब्द घातला, याची तिला भीती वाटत होती. तिला रागही आला होता, पण तो देवीवर नव्हता.

त्यानंतर निंबखळ्यात घरोघरी राखेची रेघ ओढली जाऊ लागली. वावटळ सुटली तरी ती रेघ उडत नसे, असं म्हणतात. एका शहाण्यानं ती ओलांडून पाहिली, तर तळव्यांना लागलेली राख धुऊन जाईना. जाईल तिथे पांढरी पावलं उमटायची आणि पोरं मागं लागायची. शेवटी तो बिचारा मामाच्या गावाला जाऊन राहिला. मूल चालायला लागेपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष जायचं, कधी त्याहून जास्त. तोवर बाईच्या हाडांवर मांस चढायचं. घागर डोक्यावर घेऊन बायका ओढ्यावरून ताठ चालत येऊ लागल्या. गाव आपलं म्हणे, सटवाईची कृपा.

हौसा मोठी झाली. तिला आई आठवत नव्हती. ती केराईलाच आई म्हणायची. तिचं लग्न गावातच झालं, आणि झालं ते नेमकं बनाबाईच्या घरात, तिच्या दौलूशी. दौलू माणूस वाईट नव्हता. फक्त आईपुढे त्याची मान कायम खाली असायची.

हौसाला पहिली मुलगी झाली, मग दुसरी झाली. प्रत्येक वेळी राखेची रेघ ओढली गेली आणि पाळली गेली. तिसरीही मुलगी झाली तेव्हा मात्र रक्त थांबता थांबेना. केराई दिवसभर तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती. सगुणाचा चेहरा तिला हौसाच्या चेहऱ्यात दिसत होता. संध्याकाळी रक्त थांबलं. केराई बाहेर आली आणि बनाबाईला म्हणाली,

“वाचली. पर बनाबाई, हिच्या कुशीत आता ताकद न्हाय. एवढ्यात परत दिवस गेले, तर मी काय, कुणीच हिला उठवायचं न्हाय.”

“सटवाईची रेघ हाय की,” बनाबाई म्हणाली. “आमी का रेघ मोडणारी मान्सं हाय?”

न्हाणीत केराईनं हौसाच्या कानात विचारलं. हौसा म्हणाली, “आई, मला ह्या तिघींचं लगीन बघायचंय.”

बनाबाईला नातू हवा होता. भावकीतल्या सगळ्या घरांत नातू होते आणि हळदीकुंकवाला गेलं की तिला कुणी ना कुणी त्याची आठवण करून द्यायचं. पोर चालेपर्यंत थांबायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण ती देवभोळी होती. देवीचा शब्द मोडणं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणून तिनं तो मोडला नाही. तिनं सुताराला बोलावलं.

“नाना, एक पांगुळगाडा करून दे,” ती म्हणाली. “हलका कर. आन् फुडचं चाक मोठं ठेव, उंबऱ्यावरनं टुनकन जायाला पायजे.”

पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांची लाकडी चौकट. चालायला शिकणारं मूल तिला धरून उभं राहतं. बनाबाईच्या धाकट्या नातीला, जनाला, अजून बसणंही नीट जमलेलं नव्हतं. तरी बनाबाईनं चांगला दिवस पाहिला, भावकीला बोलावलं आणि केराईलाही मानानं बोलावलं. केराई आली तेव्हा अंगण भरलेलं होतं. जनाला झबलं-टोपरं घातलं होतं आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पांगुळगाड्याला बांधलं होतं. तिचे पाय खाली लोंबत होते. हौसा खोलीत बाजेवर बसून हे बघत होती.

बनाबाईनं मागून गाडा लोटला. चाक कुरकुरलं, उंबऱ्याला धडकलं, वर चढलं आणि राखेची रेघ चिरून अंगणात आलं. जना घाबरून रडू लागली.

“सटवाईच्या नावानं चांगभलं!” अंगण ओरडलं, आणि बायका साखर वाटू लागल्या.

“बनाबाई, पोरीचं पाय कुठं टेकलेत?” केराई म्हणाली.

“सटवाई म्हनली उंबरा ओलांडला पायजे. पाय टेकलं पायजेत असं कवा म्हनली?” बनाबाई हसून म्हणाली. “मी तिथंच हुबी हुते. तुझ्याच तोंडनं ऐकलंय.”

“आपून होऊन, असं म्हनली हुती.”

“मग हिला काय मी उचलून आणली? गाड्यातनं आली.”

सगळे हसले. मग केराई म्हणाली, की सटवाई पुन्हा आपल्याशी बोलली आहे, मुलानं हातात भरला तांब्या घेऊन उंबरा ओलांडला पाहिजे. पण या खेपेला दिवा उंच झाला नाही. दिवसाउजेडी दिवाच नव्हता. “सटवाई रोज नवं सांगती व्हय?” बनाबाई म्हणाली, आणि लोक आणखीनच हसले.

तेव्हा केराईनं पाहिलं, की दौलू खोलीकडे बघत उभा आहे आणि हौसा भिंतीकडे तोंड करून बसली आहे. आणि केराईच्या मनात आलं, की देवीचा शब्द यांना वाकवता येतो, कारण तो देवीचा आहे. खरी गोष्ट सांगितली, एका बाईच्या जिवाचा सवाल आहे असं सरळ सांगितलं, तर इतक्या वर्षांनी तरी हे ऐकतील. गावातल्या बायका तिच्यासमोर ताठ उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून तिला तसं वाटलं.

“ऐका,” ती म्हणाली. “सटवाई काय बोलली न्हवती. तवा बी न्हाय, आन् आता बी न्हाय. मी बोलले हुते. ही रेघ माझी हाय. बाळंतीण मरू नये म्हनून वढली हुती. हिच्या आईला मी शब्द दिलाय. दौलू, तुझ्या पाया पडते, ही मरंल.”

अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. पाटील उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, “म्हंजे एवढी वर्सं आमच्या घराघरांत तुझी रेघ हुती?”

आणि मग एकच गलका उठला. ज्यांच्या घरी रेघ होती ते ओरडले, ज्यांच्या घरी नव्हती तेही ओरडले. “पोटी पोर न्हाय, म्हनून दुसऱ्याचं पोर बघवंना हिला,” बनाबाई म्हणाली. दौलू पुढे झाला. त्याच्याकडे सगळे बघत होते. त्यानं पायातल्या वहाणेनं ती राख घासून पुसून टाकली. वावटळीत न उडणारी रेघ त्या एका वहाणेनं पुसली गेली. त्याच दुपारी गावातल्या सगळ्या उंबऱ्यांपुढच्या रेघा आपोआप उडून गेल्या आणि घटकाभर सूर्य दिसेना, एवढी राख हवेत होती, असं म्हणतात.

केराईला बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, असं गावानं ठरवलं. ती निघाली तेव्हा हौसा खिडकीच्या गजांशी आली होती.

“आई,” ती म्हणाली, “खरं कशाला सांगितलंस? खोटं हुतं तवर मी वाचले हुते.”

केराईनं पदर सावरला आणि ती ओढ्याकडे चालू लागली.

पांगुळगाड्याची रीत मात्र सुटली नाही, उलट गावभर पसरली. सटवाई बोलली असो नसो, गाडा उंबऱ्यावरून नेणं शुभ असतं, असं आता ठरून गेलं होतं. सुताराला दुसरं काम करायला वेळ मिळेना. केराई झोपडीत बसायची आणि गावातून चाकांची कुरकुर तिच्या कानावर यायची. हौसाला पुन्हा दिवस गेल्याचं तिला कुणी सांगितलं नाही. ओढ्यावर घागर भरताना हौसाचा वाकण्याचा ढंग बदलला, तेवढ्यावरून तिनं ओळखलं. तिनं निंबोळीच्या तेलाची बाटली पुसून फळीवर मागे सरकवली. आता तिचा उपयोग नव्हता.

हौसाला कळा सुरू झाल्या त्या पहाटे. शेजारगावची सुईण आणली होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा बनाबाई स्वतः अनवाणी धावत केराईच्या दारात आली. तिचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

“चल,” ती म्हणाली.

केराई गेली. पण ती खोलीत शिरली तेव्हा बाळाचा टाहो येत होता आणि हौसाचा आवाज येत नव्हता. मुलगा झाला होता, गोरा, गुटगुटीत. शेजारगावच्या सुईणीनं त्याला सुपात ठेवलं होतं. केराईनं हौसाच्या पोटावर हात ठेवले. आणि असं म्हणतात, की त्या दिवशी पहिल्यांदा तिचे हात गार पडले.

ओसरीवर साखर वाटायची की नाही, यावर माणसं कुजबुजत होती. कुणीतरी म्हणालं, “पोरगा तर झाला.” बनाबाईनं ते ऐकलं आणि तिनं मान डोलावली. ती रडत होती, तरी तिनं मान डोलावली.

हौसाला शेवटची आंघोळ घालायला केराईच पुढे झाली. तिला कुणी अडवलं नाही. त्याच न्हाणीत, त्याच दगडावर हौसाला बसवलं आणि मागून दोघीजणींनी धरलं. केराईनं कढत पाणी ओतलं. पाठीला हात लावला. मग ती वाकली आणि नेहमीसारखं कानात म्हणाली,

“फुडचं तुला पायजे का गं?”

असं म्हणतात, की त्या वेळी घंगाळातलं पाणी पडता पडता हवेत थांबलं. सगळा आवाज थांबला. आणि कुडाबाहेर जमलेल्या साऱ्या गावानं हौसाचा आवाज ऐकला. ती म्हणाली, “नगं गं आई.” मग पाणी खाली पडलं.

एवढं मोठ्यानं ते उत्तर गावात आधी कुणी दिलेलं नव्हतं.

केराई घरी गेली ती आत गेलीच नाही. काळ्या दगडाच्या उंबऱ्यावर बसली, एक पाय आत आणि एक बाहेर टाकून. तिनं काही खाल्लं नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांकडे ती पाहायची, आणि बायका मान खाली घालून जायच्या. मग एके दिवशी सकाळी ती तिथे नव्हती. तिच्या अंगाची नुसती राख होऊन वाऱ्यानं नेली, असं काहीजण म्हणतात. पुढच्या पावसात कूड पडले, छप्पर वाहून गेलं, आणि निंबाखाली नुसता उंबरा उरला. त्याला ना आत उरलं, ना बाहेर.

आणि मग निंबखळ्यात पाळणे हलायचे थांबले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही चाललं, तरी एकाही घरात बारसं झालं नाही. पांगुळगाड्यांना वाळवी लागली. सुतार गाव सोडून गेला. पुरुष म्हणू लागले, केराईचा शाप लागला, गावाची कूस बांधली गेली. देवऋषी आले, कोंबडी कापली, काही झालं नाही. बायकांनाही विचारलं. बायका म्हणाल्या, “व्हय, शापच असंल.”

फक्त एक गोष्ट कुणा पुरुषाच्या ध्यानात आली नाही. त्या वर्षांत त्या जुन्या निंबाखाली एकही निंबोळी पडलेली दिसत नसे. पिकायच्या आधीच कुणीतरी वेचून नेलेली असायची.

शेवटी पाटलांनी कौल लावला. गावानं अपराध कबूल केला, उंबऱ्याला शेंदूर फासला, खणानारळानं ओटी भरली आणि केराई देवी झाली. पहिला मान बनाबाईचा. तिनं जनाचा पांगुळगाडा डोक्यावरून वाजतगाजत आणला, उंबऱ्यावरून पलीकडे लोटला आणि पदर पसरून म्हणाली, “आई, गावाला मूल दे.” मागे उभ्या असलेल्या सुनांना त्यांच्या सासवांनी पुढे ढकललं. शाप उतरला होता. आता बायकांजवळ निमित्त म्हणून सांगायला काहीच उरलं नव्हतं. वर्षाच्या आत गावात पुन्हा पाळणे हलू लागले. केराई पावली, असं म्हणतात.

ती आजही पावते. चैत्रात तिची जत्रा भरते. लांबलांबून नव्या सुना आणतात आणि मूल व्हावं म्हणून त्यांना तो उंबरा ओलांडायला लावतात. मुलगा झाला की नवस फेडायला पांगुळगाडा वाहतात. लहान लहान पांगुळगाडे तिथे दुकानांत लटकलेले असतात, लाल, हिरवे, पिवळे. उंबऱ्यामागे त्यांचा ढीग एवढा झाला आहे, की मंडप वाढवावा लागला, आणि मंडप वाढवायचा म्हणून निंब तोडला.

तिची एक रीत मात्र गावानं अजून जशीच्या तशी पाळली आहे. सव्वा महिना झाला की बाळंतिणीला तिथे नेतात आणि उंबऱ्यावर बसवतात. गावातली थोरली बाई तिच्या पाठीवर तांब्यानं पाणी ओतते, वाकते आणि कानात विचारते, “फुडचं तुला पायजे का गं?” बाळंतिणीनं त्या वेळी बोलायचं नसतं. उत्तर भोवती उभ्या असलेल्या सगळ्यांनी द्यायचं असतं. “पायजे! पायजे!” असं सगळे एका सुरात ओरडतात, आणि त्याच क्षणी हलगी सुरू होते.

बाळंतिणीचे ओठ कधी कधी हलताना दिसतात. हलगी एवढ्या जोरात का वाजवायची, ते मात्र निंबखळ्यात कुणी सांगत नाही.